देव्हाऱ्याखालचा तेलाचा डबा

आमच्या घरात देव्हाऱ्याखाली पत्र्याचा एक डबा ठेवलेला होता. त्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं, पोटावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, आणि सकाळी देवांची फुलं वाहून झाली की आई उरलेलं एखादं फूल त्याच्यावरही ठेवायची. डब्यात इंजिनाचं नवं तेल होतं. इतकी वर्षं लोटली, तरी तो डबा आठवला की माझी कानशिलं तापतात. लोक म्हणतात, काळाबरोबर राग विरघळतो. माझा विरघळलेला नाही.

आम्ही मुळशीतल्या भरे गावचे. माझ्या वडिलांनी, आबांनी, पन्नासच्या दशकात पुण्यातल्या एका निवृत्त साहेबाची जुनी मोटर विकत घेतली आणि भरे ते पुणे अशी माणसं वाहायला सुरुवात केली. मी मॅट्रिक झाले तेव्हा मला पुण्याच्या कॉलेजात जाऊ दिलं गेलं ते केवळ त्या मोटरीमुळे. आबांनी पहिल्याच दिवशी अंगणात उभं राहून बजावलं होतं, "मोटार चालतीया तवर कालिज. मोटार बंद, कालिज बंद." माझं सगळं शिक्षण त्या चार चाकांवर उभं होतं, आणि हे मला जितकं ठाऊक होतं तितकंच त्यांनाही होतं.

पुढच्या बाकावर मी आबांशेजारी बसायची. माझ्या पलीकडे आणखी एक शीट, म्हणजे उतारू, मागे पाच-सहा माणसं, पायांत दुधाच्या किटल्या, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पाटी. ताक, तंबाखू, ओली मेथी आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास तयार व्हायचा आणि माझ्या पातळाच्या घड्यांत शिरून वर्गापर्यंत यायचा. शहरातल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. मला त्याचं काही वाटत नसे. मांडीवर कवितेचं पुस्तक असे आणि डोळ्यांसमोर, काचेखाली, तेलाचा दाब दाखवणारा बारीक काटा. तो काटा मी कवितेइतकाच मन लावून वाचायची. सपाटीवर तो ताठ उभा राही. पिरंगुटच्या घाटात इंजिन दमलं की किंचित कलायचा, आणि वर पोचलं की पुन्हा सावरायचा.

इंजिनाचं तेल वर्षातून एकदाच बदलायचं, दसऱ्याला, हा आबांचा दंडक. नांगराला, कोयत्याला, विळ्याला ज्या दिवशी तेल लागतं त्याच दिवशी मोटरीलाही. तो सोहळाच असायचा. सकाळी इंजिनातलं काळं तेल परातीत उतरवायचं. बैलगाडीच्या आसाला घालायला, वाशांना वाळवी लागू नये म्हणून चोपडायला, ते काळं तेल मागण्यासाठी गावातली माणसं डबे-चंबू घेऊन दारात उभी राहायची, आणि आबा पळीनं वाढत राहायचे, एखाद्या यजमानानं पंगतीला तूप वाढावं तसे. मग नवं तेल, झेंडूचा हार, आणि शेवटी घरातल्या लेकीनं मोटरीला ओवाळायचं. मधल्या वर्षभरात तेल कमी झालं की वरून थोडं घालत. बदलणं असं नाहीच.

पुण्यातला गॅरेजचा मिस्त्री हे ऐकून कपाळाला हात लावायचा. तो काही साधू नव्हता. प्लग साफ केल्याचे पैसे घ्यायचा आणि प्लगांवरची काजळी तशीच असायची. आबांना ते कळायचं. म्हणून त्यानं एकदा खरी गोष्ट सांगितली तेव्हा तीही त्यांना लबाडीच वाटली.

"मालक, दीड-दोन हजार मैल झाले की तेल बदलायचं असतं. तुमची गाडी रोज घाट चढते."

"मागल्या खेपंला पट्टा बदल म्हनलास. आता तेल. फुडल्या खेपंला मलाच बदल म्हनशील."

"तेल खराब होतं, मालक."

"तेल काय दूध हाय का नासायला?"

आजूबाजूची माणसं हसली. वर्षाला पाच-सहा वेळा डबाभर तेल म्हणजे खर्च मोठा होता, हे मी नाकारत नाही. पण त्याच वर्षी मोटरीला दोन सुरांचा भोंगा आला. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आले. दारांवर नवा निळा रंग आला. जे बाहेरून दिसतं त्याला पैसा होता. आत, अंधारात, जे दिवसभर घासून-घासून काळवंडत होतं, त्याला नव्हता. आमच्या घरात बायकांकडेही याच नजरेनं पाहत असत. फरक इतकाच, की मोटरीला निदान रंग मिळायचा.

त्या वर्षी आबांनी श्रावणातच नव्या तेलाचा डबा आणून ठेवला. स्वस्तात मिळाला म्हणून. आणि ठेवला तो देव्हाऱ्याखाली, दसऱ्यासाठी.

गौरी-गणपती झाले आणि काटा घाटात झुकू लागला. आधी थोडा, मग अर्ध्यावर. चढावर इंजिनाच्या पोटातून एक आवाज येऊ लागला, कुणीतरी लांबच्या स्वयंपाकघरात खलबत्त्यात सुंठ कुटत असावं तसा. एका सकाळी आबांनी तेल मोजायची सळई उपसली तेव्हा तिच्या टोकाचा थेंब मी बोटांवर घेतला. शाईसारखा पातळ होता आणि चिमटीत चोळला तर बारीक कच लागत होती. वास करपलेल्या तिळांचा.

"आबा, तेल मेलंय हे. डबा घरात आहे. आज घाला."

"पित्रपाट चाललाय. ह्या दिसांत नवं काय करत न्हाईत. आनि दसरा का लांब हाय?"

"तोवर इंजिन टिकणार नाही. काटा बघा तुम्ही, घाटात पार खाली जातो."

"तू कालिजात विंजिन शिकतीयास का कविता?"

मागच्या बाकावरून एक दूधवाला म्हणाला, "आबा, लेकीला आंदन म्हनून पाना द्या! जावयाचा मिस्त्रीचा खर्च वाचंल." मोटरभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं आबा हसले.

त्या संध्याकाळी मी देव्हाऱ्याखाली बसून डब्याच्या झाकणाला हात घातला. आईनं माझं मनगट पकडलं. तिच्या हाताला भाकरीच्या पिठाचा वास होता आणि पकड लोखंडाची होती. "हात लावू नगंस. सनाचं हाय ते. त्यांचा जीव हाय त्या मोटारीत."

"जीव आहे म्हणूनच तेल हवंय ना, आई!"

तिनं मनगट सोडलं नाही.

दोन-चार दिवसांनी पिरंगुटच्या घाटात काटा पूर्ण आडवा झाला. मी म्हणाले, "आबा, थांबवा." ते म्हणाले, "चढावर कोन थांबतं?" सुंठ कुटल्याच्या आवाजाचा घणाचा आवाज झाला, करपलेला वास बाकांखालून वर आला, आणि मग आत काहीतरी एकदाच, मोठ्यानं, तुटलं. चाकांखाली धोंडे लावले. मोटरीच्या पोटातून काळं तेल ठिबकत मुरुमावरून उतारानं वाहू लागलं. कडेला तेरडा आणि सोनकी अशी फुलली होती, की डोळे त्यांच्याकडे वळवणंही मला गुन्हा वाटला. माणसं उतरली. आंदणात पाना द्या म्हणणाऱ्या दूधवाल्यानं आपल्या किटल्या उचलल्या आणि चढ चालू लागला. आबा स्टिअरिंग धरून तसेच बसून होते. मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगायचं तर आजही येत नाही.

मिस्त्रीनं इंजिन उघडून पाहिलं. बेअरिंगं वितळली होती, आतला दांडा घासून गेला होता. त्यानं दुरुस्तीचा आकडा सांगितला. या वेळी तो खोटा नव्हता.

आबा घरी आले आणि म्हणाले, "तेवढ्या पैशात तुजं लगीन व्हतंय."

"मग मी एसटीनं जाते. परीक्षा होईपर्यंत तरी."

"एसटीत? परक्या मानसांच्या खांद्याला खांदा लावून? माजी लेक? न्हाई."

दोन वर्षं मी त्यांच्याच मोटरीत परक्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून, त्यांच्या कोंबड्या पायांत घेऊन गेले होते. त्या खांद्यांचं भाडं आबांच्या खिशात जात होतं, एवढाच काय तो फरक. हे मी बोलले. उत्तर नसलं की आमच्या घरात जेवणाची ताटं मांडत.

दसऱ्याला बैल जुंपून ओढत आणलेली मोटर अंगणात उभी होती. आबांनी ती धुतली, हार घातला. सवयीनं काही जण चंबू घेऊन आलेही; परातीत पळीभर गाळ उतरला, तोच वाढला गेला. मग देव्हाऱ्याखालचा डबा आला. झाकण उघडलं. तेल मधासारखं होतं, कोवळ्या उन्हात आरपार दिसणारं, दाट, संथ. आबांनी ते सगळंच्या सगळं त्या बंद पडलेल्या इंजिनात ओतलं, एक थेंब न सांडता.

"ओवाळ," ते म्हणाले.

मी तबक आईच्या हातात दिलं. "मेलेल्याला ओवाळत नाहीत, आबा."

"सनासुदीचं त्वांड आवर," ते म्हणाले, पण आवाज बसलेला होता. आईनं ओवाळलं. निरांजनाची ज्योत निळ्या दारावर हलत राहिली.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. पदवी मला पुढे फार उशिरा मिळाली. तिच्यामुळे या रागात काही कमी झालं नाही. सासर हडपसरच्या पलीकडे होतं आणि नवऱ्याकडच्या पाहुण्यांनी स्वतंत्र मोटर केलेली नव्हती. तेव्हा वऱ्हाड निघालं ते एसटीनं. मुंडावळ्या कपाळावर, हातात हिरवा चुडा, आणि मला दोन अनोळखी बायाबापड्यांच्या मध्ये दाटीवाटीनं बसवलं गेलं. खाली उभे राहून आबा मला निरोप देत होते. खांद्याला खांदा लागत होता.

घाटात आमची मोटर बंद पडली होती तिथे मुरुमात काळा डाग अजून होता. एसटी त्याच्यावरून गेली. तिच्या इंजिनाचा आवाज स्वच्छ होता.