बर्फावर गैरहजर

"अगं, जरा जोरात दाब ना. टाच बसतच नाहीये."

श्रेयाचा पाय माझ्या मांडीवर होता. मी बर्फात गुडघे टेकून बसले होते. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचा खोका, त्याला चार क्लिपा. पाय आत गेला तरी टाच वरच अडकते. मग कुणीतरी खाली बसून नडगी धरायची आणि पाय आत रेटायचा. ते कुणीतरी म्हणजे मी. तिचा मोजा आदल्या दिवशी भिजून तसाच वाळलेला. तो वास अजून नाकातून जात नाही.

आम्ही धुळ्याच्या एका कॉलेजात पर्यटन शिकणारी, शेवटच्या वर्षाची मुलं. अभ्यास-सहल हिमाचलात, बर्फावरच्या रिसॉर्टवर. चार दिवस. रिसॉर्ट कसं चालतं ते बघायचं, स्की शिकायची, आणि सर त्यावर प्रात्यक्षिकाचे गुण देणार. त्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही. मला मात्र पदवीपेक्षा स्कीचीच ओढ होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा पाडा. उतारावर धावतच मी वाढले. बर्फाचा उतार माझे पाय लगेच ओळखेल, असं मला वाटायचं.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला खाली बसायला कुणी सांगितलं नव्हतं. श्रेया जळगावच्या एका मोठ्या कापड दुकानदाराची मुलगी. बूट घालता घालता रडकुंडीला आली होती. मी सहज बसले आणि तिच्या क्लिपा लावून दिल्या. मी आश्रमशाळेत शिकले. आमच्याकडे प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत मोठ्या मुलींनी लहानींच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या, असा रिवाज. आधी माझ्या कुणी बांधल्या, मग मी कितीजणींच्या बांधल्या. त्यात मालकीण-मोलकरीण नव्हतं. सगळ्याजणी वेळेवर ओळीत पोहोचल्या पाहिजेत, एवढंच होतं. हाताला तीच सवय.

सरांनी ते पाहिलं. टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं.

"बघा, याला म्हणतात सेवाभाव. शिकवावा लागत नाही. यांच्या रक्तातच असतो."

मुलं हसली. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला त्या मोज्यापेक्षा जास्त किळस येते.

मग सरांनी याद्या केल्या. निम्मे 'पाहुणे', निम्मे 'स्टाफ'. रोज अदलाबदल होईल म्हणाले. बाकीच्यांची झाली. माझी नाही. "तुला जमतं गं," एवढंच कारण. सकाळी बूट चढवायचे, दुपारी उतरवायचे, आतून पुसून ओळीत मांडायचे. बोटांना भेगा पडल्या. वर उतारावर सगळे किंचाळत घसरत होते, पडत होते, व्हिडिओ काढत होते. तीन दिवसांत माझा पाय स्कीच्या फळीला लागला नाही. वर्गातला सलीम दोंडाईच्याचा. हे का करतेस, असं एकदा जवळ येऊन हळूच अहिराणीत म्हणाला, "तू काब्र करी ऱ्हायनी हाई? सोड ना."

"मार्क सरना हातमा शेतस," मी म्हटलं. तो मागे फिरला. त्याचेही त्यांच्याच हातात होते.

आणि चौथ्या दिवशी सकाळी, श्रेयाची टाच बसत नसताना, सर रिसॉर्टच्या मॅनेजरला घेऊन आले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही आमची बेस्ट स्टुडंट. आदिवासी आहे. आमच्या कॉलेजला सातपुड्यात एक रिसॉर्ट उभं करायचंय. स्टाफ बाहेरून आणायची गरजच नाही. अख्खे पाडे तयार आहेत."

मॅनेजरने माझा फोटो काढला. विचारलं नाही.

अख्खे पाडे. मला माझी आई दिसली. सहावीत शिकणारी धाकटी बहीण दिसली. सगळ्या ओळीने खाली बसलेल्या आणि समोर असले मोजे. तोंडात आंबट पाणी आलं. ते मी तिथेच बर्फावर थुंकले.

श्रेयाचा पाय मांडीवरून उचलून खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. उभी राहिले.

"बूट तुझा, पाय तुझा. तूच घाल."

"काय झालं हिला?" श्रेयाने सरांना विचारलं. मला नाही.

"नाटकं नकोत," सर दबक्या आवाजात म्हणाले. "प्रात्यक्षिक चालू आहे."

मी पुसून ठेवलेल्यांतला माझ्या मापाचा जोड उचलला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"मग आज माझी पाहुण्यांची पाळी, सर. तुम्ही घाला माझे बूट."

सर बसले नाहीत. बसणारच नव्हते. चेहरा लालबुंद झाला. सेवाभावाचं एवढं कौतुक, आणि गुडघा म्हणून वाकला नाही.

माझे बूट मीच घातले. बराच वेळ लागला. क्लिपेत बोट सापडून सोललं. वर गेले. उताराने माझे पाय ओळखले बिळखले नाहीत. चार वेळा तोंडावर आपटले. तासभर आपटत राहिले, मग बूट काढले आणि पुसून जागेवर ठेवले. फक्त माझे.

परत आल्यावर गुणांचा तक्ता लागला. माझ्या नावापुढे 'गैरहजर'. तीन दिवस गुडघ्यावर होते तोवर हजर होते. उभी राहिले आणि गैरहजर झाले. सर म्हणाले, "माफीचं पत्र दे. बदलतो." घरी वडिलांना, आबांना सांगितलं. ते घाबरले.

"लिखी दे ना माय. एक कागद तर शे."

"नही आबा. मी नही लिखाव."

नाही लिहिलं. पदवी अडकली आहे, अडकू दे. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. परीक्षेला.

आता सर आमच्या पाड्यावर येणार आहेत. रिसॉर्टसाठी जागा बघायला, ग्रामसभेत लोकांना समजावायला. रोजगार येईल, विकास येईल, सगळं बोलतील. बोलू देत. त्यांचं झालं की मी उठणार आहे आणि चारही दिवस सांगणार आहे, मोज्यांच्या वासासकट. आई ऐकेल, बहीण ऐकेल. त्या दिवशी हजेरी मी घेणार.