बारा महिने शुद्ध

"तिला काय, ती बारा महिने शुद्धच. तिलाच बसवा पुरणाला."

सासूबाई हे बोलल्या ते भर महालक्ष्म्यांच्या दिवशी, दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी, दहा-बारा बायकांसमोर. बायका हसल्या. धाकटी जाऊ पाळीची म्हणून मागच्या खोलीत वेगळी बसली होती. माझी पाळी दोन वर्षांपासून बंद. म्हणून सोवळ्याचा सगळा स्वैपाक माझ्या डोक्यावर. पुरण, आंबील, सोळा भाज्या. मधूनच अंगातून वाफा निघत, ब्लाउज घामानं भिजे, गुडघे ठणकत. मी एकोणतीस वर्षांची होती अन् भिंत धरून उठत होती.

संध्याकाळी सासूबाईंनी एकेकीची ओटी भरली. माझ्यापाशी आल्या अन् तांदळाचं ताट घेऊन पुढे गेल्या. "तू चहाचं पाहा," म्हणाल्या. म्हणजे देवीचं पुरण शिजवायला मी चालते, ओटीला चालत नाही! मी चहाचं पाहिलं. हो, पाहिलं. तेव्हा मी तशीच होती.

सत्ताविसाव्या वर्षी मानेत गाठ निघाली. कॅन्सर. सहा महिने किमो चालली. केस गेले, परत आले. पाळी आली नाही. जीव वाचला, आभार मान, असं जो तो सांगे. मी मानत होती, अन् दर महिन्याला बाथरूममध्ये कपडा पाहत होती. कोरडा. गाठ निघाली तेव्हा मी इतकी रडली नव्हती.

मग मी एक काम केलं. आजही सांगताना जीभ अडते. एका सकाळी स्वैपाकघराच्या दारात थांबली अन् म्हटलं, "आई, मला शिवू नका."

खोटं. साफ खोटं.

सासूबाईंचं लाटणं थांबलं. "अच्छा? खरंच?" चेहरा असा उजळला, माझ्यासाठी कधी उजळला नव्हता. चार दिवस मी मागच्या खोलीत चटईवर. ताट लांबून सरकवत, पण भातावर तूप जास्तीचं. नवरा दारातून हसून जाई. माझा पेला वेगळा, चटई वेगळी, कोणी शिवत नव्हतं, अन् मी खुश होती! बाई गं, खुश होती. ह्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, माझ्या बापाच्या घरी, फॅक्टरीतल्या कामगाराच्या दोन खोल्यांत, हे शिवाशिवीचं खूळ कोणी पाळलं नाही. अन् मी इथे कोपऱ्यात बसायला मिळालं म्हणून देवाला हात जोडून राहिली होती.

आठवड्याभरात नवरा मला मोठ्या आनंदानं लेडी डॉक्टरकडे घेऊन गेला. रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीण माझ्याकडे पाहून म्हणाली, "सच बताइए, पीरियड आया था?" मी मान खाली घातली.

घरी सासूबाई कडाडल्या. "खोटारडी! कामगाराची पोर, दुसरं काय करणार!"

नवरा म्हणाला, "जाऊ दे, आई. डॉक्टरांनी किमोच्या आधीच सांगितलं होतं ना."

"काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

तो पुटपुटला. किमोनं मूल होणं बंद होऊ शकतं. आधी स्त्रीबीज काढून गोठवून ठेवता येतं. पंधरा दिवस लागले असते, अन् तेवढा वेळ आहे असं डॉक्टर म्हणाले होते. हे बोलणं दवाखान्याच्या वऱ्हांड्यात झालं होतं. डॉक्टर, नवरा अन् सासूबाई. मी भिंतीपलीकडे पलंगावर होती. चांगली जागी होती.

"मला काहून नाही विचारलं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "तू जगशील की नाही हेच ठाऊक नव्हतं. मेलेल्या बाईचं बीज ठेवून काय करायचं होतं?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या अजिबात शरमल्या नाहीत. मी जिवंत असताना ह्यांनी मला मेलेली धरून हिशेब मिटवला होता, अन् मी ह्यांच्यासमोर मान खाली घालत होती. खोटं बोलल्याची माफी मागत होती!

ह्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना त्याच बायका जमल्या. "चलो, पुरणाला बस," सासूबाई म्हणाल्या.

"नाही बसत."

"काय?"

"मी शुद्धबिद्ध काही नाही. माझी पाळी औषधानं गेली. बीज ठेवता आलं असतं. ते ह्या घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून."

कोणी हसलं नाही. मी चप्पल घालून बाहेर निघाली.

त्यानं काही परत आलं नाही. कपडा कोरडाच आहे. शेजारचं बाळ रडलं की छातीत कळ येते, अन् मी नळ सोडून भांडी घासत बसते. हा राग कमी होत नाही, अन् तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

पाळी अशी लवकर गेली की हाडं झिजतात, म्हणून परवा हाडांची तपासणी आहे. नवऱ्याच्या कपाटातली माझी फाइल मी काढून आणली. एकेक कागद वाचला. आता ती माझ्या पिशवीत असते. काल नवरा म्हणाला, "मी येतो, डॉक्टरांशी बोलायला."

मी म्हटलं, "यायचं तर ये. वऱ्हांड्यात बस. बोलीन मी."