बावन्न वजा अठरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या सोबतिणीलाही नाही. आणि गंमत बघा, सांगायला बसले तरी आधी आठवतो तो आनंदच — अजून अंगावर काटा येतो.

मी तापीकाठच्या प्रकाशा गावाची. नोकरी लागली नवापूरकडच्या डोंगरातल्या एका गावात. मुलं घरी कोकणी बोलायची — गोव्याकडची नव्हे, इथल्या आदिवासींची. मराठी त्यांच्यासाठी शाळेची भाषा. 'बावन्न' म्हटलं की निम्मा वर्ग पंचवीस लिहायचा. दोन आधी ऐकू येतो ना! मग मी तुरीच्या काड्या आणल्या. दहाची एक जुडी, उरलेल्या सुट्या. पाच जुड्या, दोन सुट्या — बावन्न.

तिसरीत मनिता होती. बोलायची कमी, बघायची फार. एके दिवशी फळ्यावर तिला वजाबाकी दिली : बावन्न वजा अठरा. तिने डावीकडून सुरुवात केली! आधी चार लिहिला, मग तो पुसून तीन, शेजारी चार. चौतीस. हातचा नाही, काही नाही. उत्तर बरोबर होतं, हे मला दिसलं होतं का? दिसलं होतं. तरी मी त्यावर फुली मारली. वर म्हणाले, "उफराटी कुठली! एककापासून करतात." वर्ग हसला. मीही हसले.

नाव चिकटलं. उफराटी.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती ओट्यावर काड्या घेऊन बसलेली दिसली. तेच गणित. पाचातली एक जुडी तिने बाजूला सारली, दोन सुट्याही सारल्या. मग थांबली.

"काय करतेस गं?"

"मॅडम, मोठं आधी देऊन टाकलं. आता सहा कमी पडतात." तिने एक जुडी सोडली, सहा काड्या काढल्या. "चाळीसमधून सहा गेले."

मी बघतच राहिले. अहो, किती सरळ! मी वर्गात पळाले, खडू उचलला. त्रेसष्ट वजा सत्तावीस — चाळीस, चार कमी, छत्तीस. बरोबर! मग मुद्दाम शून्य घातलं, ज्या शून्यापाशी मुलं रडतात ते. चारशे दोन वजा एकशे अठ्ठावन्न. तीनशे. पन्नास कमी — अडीचशे. सहा कमी — दोनशे चव्वेचाळीस! बारा वर्षं शिकवत होते मी. दशक म्हणजे काय ते त्या दुपारी हाताला लागलं. नाचावंसं वाटत होतं.

घंटा झाली. मुलं आत आली. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — मनिताचं बरोबर होतं, मी चुकले.

मी नुसता फळा पुसला.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांची बैठक होती. मी काड्या घेऊन उभी राहिले आणि ती रीत करून दाखवली. काय रंगले होते मी! टाळ्या पडल्या. शहाद्याकडचे एक गुरुजी जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, हाई तुमले कसं सुचनं वो?"

आणि मी — माझ्या आईच्या बोलीत — म्हणाले, "वर्गमा शिकाडता शिकाडता सुचनं."

मग दुसऱ्या केंद्रांतूनही बोलावणी आली. मी जात राहिले. दर वेळी तोच आनंद, खराखुरा. त्याचीच मला जास्त लाज वाटते. मनिता मात्र तोवर उजवीकडून, मी सांगितलं तशी, करायला लागली होती. चुकतही होती. ते मी तपासत होते, लाल पेनाने.

गेल्या उन्हाळ्यात विसरवाडीच्या फाट्यावर ती भेटली. उंच झालेली, खांद्याला पिशवी. धावत आली, पाया पडली.

"दहावी दिली, मॅडम. आता शिवणकाम शिकते."

"पुढे नाही शिकायचं?"

"गणितात नापास झाले ना." ती हसली, अगदी मोकळेपणी. "माझं डोकं उलटंच आहे. तुम्ही तर तेव्हाच ओळखलेलं."

सांगायला वेळ होता. तिची बस यायला चांगली दहा मिनिटं होती. मी तिला उसाचा रस पाजला, आईची चौकशी केली, शिवणकाम चांगलं असतं म्हणाले. बस आली. तिने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला.

या वर्षीही मला बैठकीचं बोलावणं आलं होतं. मी काड्या घेऊन गेले होते.