पनवेलहून बंडूला फिरवायला: नेऱ्याची शेतं, उरणचा किनारा आणि वाळत घातलेला जवळा

पुण्याहून पनवेलला राहायला आलो आणि आमच्या कुत्र्याने, बंडूने, फिरणंच सोडलं. कळंबोलीच्या बाजूने एखाद्या ट्रकचा हॉर्न आला की हा धिप्पाड गडी थेट पलंगाखाली. शेवटी माझा नवरा मकरंद म्हणाला, याचे हाल करण्यापेक्षा रोह्याला मामांच्या वाडीवर ठेवू. त्याचं म्हणणं पटत होतं, म्हणून तर जास्त राग आला. मी एक शनिवार-रविवार मागून घेतला. मोकळ्यावर तरी हा धड चालतो का बघू, नाहीतर मामा आहेतच.

शनिवारी नेऱ्याच्या पुढे गेलो. रस्ता बरा, शेवटचा तुकडा मात्र हाडं खिळखिळी करणारा. कुत्रा न्यायचा असेल तर ऊन चढायच्या आत पोचा, पाणी घरचं ठेवा आणि गुरं दिसली की पट्टा आखडून धरा. कापणी झालेल्या भातशेतांच्या बांधावरून बंडू नाक खाली घालून मजेत हिंडला. टपरीवर आम्ही भजी खाल्ली, त्याने डब्यातला दहीभात. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे पिल्लू होता तेव्हापासून तोही दहीभातावरच वाढलाय. रोहा जरा लांब गेल्यासारखं मला वाटलं.

रविवारी उरण. न्हावा शेव्याच्या ट्रेलरांमधून गाडी काढताना बंडू सीटखाली थरथरत होता. रविवारीसुद्धा पहाटेच निघा, नंतर रस्ता तुमचा राहत नाही. किनारा मात्र रिकामा होता, ओहोटी लागलेली. मी खुशीत पट्टा सोडला. तुम्ही सोडू नका. तो पाण्याच्या कडेने सुसाट पळाला आणि तेवढ्यात मागच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. आम्ही त्याच्यापर्यंत पोचायच्या आत बंडू सुरूच्या झाडांमागे दिसेनासा झाला.

पलीकडेच ट्रेलरांचा रस्ता. त्याला रोह्याला धाडायला निघालेला मकरंद माझ्यापुढे धावत होता आणि हाका मारून त्याचा घसा बसला होता.

झाडं संपली तिथे कोळणींची मासळी वाळवायची जागा होती. जाळ्यांवर बारीक जवळा पसरलेला, आणि त्याच्या कडेने बंडू धावतोय. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. कुत्रा जवळ्यात शिरला म्हणजे कुणाच्या तरी मेहनतीची माती. पण तो कावळ्यांमागे होता. जवळा निवडत बसलेली एक म्हातारी कोळीण त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"बाय, ह्यो तुजा कुत्रा मालकरी हाय का?" तिने विचारलं. "मगापासून कावले हाकतंय, पन जवल्याला तोंड नाय लावलं."

मी म्हटलं, "आजी, ते खायचं असतं हेच त्याला माहीत नाही."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले आणि रडलेही, इतकं हायसं वाटलं. एवढ्यात पुन्हा हॉर्न वाजला. बंडूचे कान पडले, त्याने आमच्याकडे पाहिलं, मग कावळ्याकडे, आणि तो कावळ्यामागे गेला.

निघताना आजीने जवळ्याची पुडी हातात कोंबली. नको म्हणायची सोय नव्हती.

"ह्यो त्याचा रोज, कावले हाकल्याचा," ती म्हणाली.

घरी आल्यावर, कुणी शिजवणार नाही ती पुडी मकरंदने बाल्कनीत टांगली. वास अजून जात नाही, पण टाकायचा विषयही कुणी काढत नाही. त्या संध्याकाळी ट्रकने कर्कश हॉर्न दिला. बंडू दचकून उठला आणि पलंगाकडे निघाला. बाल्कनीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला, तसा बंडू मागे फिरला, त्याने कावळ्याला हाकललं आणि पुडीखाली बसून राहिला.

मकरंद बराच वेळ बघत होता. मग त्याने फोन लावला.

"मामा, बंडू येत नाही," तो म्हणाला. "त्याला इथे काम लागलंय."