काही न्हाई, पळून राहिलो

दगडोबा पळायला शिकले ते साठी ओलांडल्यावर, आणि तेही जमिनीच्या भीतीनं.

त्यांचं गाव निलंग्याच्या पुढं. तिथली जमीन दोन वर्षांपासून गुरगुरत होती. सरकारी माणसं यंत्रं घेऊन आली, जमिनीला कान लावून गेली, घाबरू नका म्हणाली. पण ज्यांनी त्र्याण्णव सालचा भूकंप बघितलाय त्यांना घाबरू नका म्हणणं म्हणजे दुधानं तोंड पोळलेल्याला ताक गार हाय म्हणून सांगणं. लोकांनी दारापुढं पत्र्याची शेडं ठोकली आणि तिथं निजू लागले. दगडोबांच्या घरी मात्र ते जमेना. त्यांची बायको सिंधुबाई पडली होती, खुब्यात सळई घातलेली. शेडातल्या गारठ्यानं ती सळई असली ठणकायची की बाई रडकुंडीला यायची. म्हणून ती आत, दगडमातीच्या भिंतींत. आणि दगडोबा पहाटे म्हशीची धार काढायला शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर. मधली वाट म्हणजे तंबाखू मळावी, दाढेत धरावी अन् थुंकून टाकावी एवढी.

आणि जमीन गुरगुरायची ती नेमकी धारेच्या वेळेला.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा दगडोबा चरवी टाकून सुटले. ओढ्याशी पोचेतो छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढं काजवे. रखडत घरी आले, तर सिंधुबाई खाटेवर बसलेली.

"आलात? मला वाटलं दहाव्यालाच येताय."

"अगं, धाप लागली."

"दिसतंय की. भिंत पडायची असती तर पडून, लोकं माती सारून, चहा पिऊन गेली असती."

सिंधुबाई शाळेत असताना खो-खोच्या संघाची कप्तान होती. तिनं नवऱ्याला खाटेवरून पळायला शिकवलं. "उद्यापासून धार काढली की पळत यायचं. वाटेवरचे लाइटीचे खांब मोजा, एक खांब पळा, एक खांब चाला. टाचा आपटू नका, रेडा आल्यावानी वाटतं."

"या वयात? लोक हसतील."

"हसू द्या. रडण्यापरीस बरं."

पण लोक हसले नाहीत, तीच तर अडचण झाली. त्या गावात म्हातारं माणूस पळालं तर त्याचा अर्थ एकच. दगडोबा धपधप करत गल्लीत शिरले की माणसं लेकरं काखेत मारून शेडांतून बाहेर, भिंतींपासून लांब. शेजारची गुरम्मा तर तोंडाला साबण तसाच घेऊन, लुगडं कसंबसं गुंडाळून चौकात उभी.

"अय्यो, दगडोबा! आला का भूकंप?"

"न्हाई वो, पळून राहिलो."

"कुणाच्या मागं?"

"कुणाच्या न्हाई. नुसतंच."

"नुसतंच?" गुरम्मानं डोळ्यातला साबण पुसला. "उद्यापासून वरडत पळा. न्हाईतर मी मुसळ घेऊन हितं उभी राहीन!"

तेव्हापासून दगडोबा ओरडत पळू लागले, "काही न्हाई, पळून राहिलो!" सुरुवातीला "काही न्हाई" म्हणेतो दम संपायचा, पुढचं गिळायचे. मग दोन खांब पळणं, एक खांब चालणं आलं. संक्रांतीपर्यंत ओढा न थांबता ओलांडून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत आवाज जाऊ लागला. लोक तो ऐकून कूस बदलायचे. गुरम्मा म्हणायची, "कोंबडा चुकंल, दगडोबा न्हाई चुकायचा." दगडोबांनाही गोडी लागली. पोटऱ्या बायकोला दाखवायचे. ती म्हणायची, "बैलबाजारात न्यावं म्हणते."

पण जसजसा दगडोबांचा दम वाढला, तसतशी जमीनही जणू खाली तालीम करत होती. आधी नुसता आवाज होता. मग फडताळातली भांडी वाजू लागली.

फाल्गुनातल्या एका पहाटे म्हशीनं पान्हा चोरला. दावं ताणून ती ओढ्याकडं तोंड करून उभी राहिली. रोज कलकलाट करणारे तितर गप्प. आणि तळपायाखालून भरलेला ट्रक जावा तसं काहीतरी गेलं. चरवी आपली आपणच सरकली.

दगडोबा पळाले. खांब मागं पडले, ओढा मागं पडला. गल्लीत शिरले आणि तोंड उघडून तसंच मिटलं. ओरडायचं काय? काही न्हाई म्हणावं, तर ते खोटं. दुसरं काही म्हणावं, तर तेवढा दम घरापर्यंत पुरवायचा होता.

गुरम्मानं पावलं ओळखली. आवाजाची वाट पाहिली. तो आलाच नाही. "बाहेर या गं!" तिनं अशी किंकाळी फोडली की अख्खी गल्ली उघड्यावर आली.

घरात धूळ भरली होती. आढ्यातून माती झिरपत होती. सिंधुबाई खाटेची कड घट्ट धरून बसलेली. दगडोबांनी तिच्या पाठीखाली हात घातले.

"उचला ना."

"उचलतोय."

ती वीतभरही हलेना. त्यांच्या हातांत तेवढा जोरच नव्हता. "पाय शिकवले," सिंधुबाई पुटपुटली, "हातांचं ध्यानातच आलं न्हाई."

खाली पुन्हा गुरगुरलं. तेवढ्यात गुरम्मा आत घुसली, मागून दोघे गडी. चौघांनी सिंधुबाईसकट खाटच उचलली. खाट उंबऱ्याबाहेर आली आणि मागची भिंत, म्हातारी म्हैस बसावी तशी, हळूच खाली बसली.

खाट चिंचेखाली ठेवली. दगडोबा तिच्या कडेला टेकले. कुणी आत जाईना.

"तुमचे पाय लई थरथरायलेत," सिंधुबाई म्हणाली.

दगडोबांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. थरथर थांबली नाही. ती जमिनीतून, खाटेच्या खुरांतून वर येत होती.