कर्नेलची पहिली वेचणी

फुलसावंगीची निकिता नेमकं काय काम करते, हे गावात कोणाला धड सांगता येत नाही. तिला विचारायची सोय नाही. विचारलं की ती जी सुरू होते, ऐकणारा बापडा म्हैस सुटल्याचं निमित्त काढून पळतो! तर ऐका. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यांना कामाला जुंपणारा एक मुकादम असतो, त्याचं नाव कर्नेल. कुठे काय झालं, कधी झालं, कशाने बिघडलं, याच्या नोंदी तो लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात, आणि त्या नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणारी आपली निकिता.

अडचण एकच होती. कापसाच्या जिनिंगमधल्या, गठाण म्हणजे गाठी बांधायच्या प्रेसवर जो कॉम्प्युटरचा डबा बसवायचा, त्यातला हा मुकादम एकेक नोंद डिस्कवर लिहून होईस्तोवर हातातलं काम टाकून उभा! तिकडे प्रेस गचके खायची. पुण्याहून तिचे साहेब इंद्रजीत सर म्हणाले, "पुढच्या सोमवारी व्हिडिओवर चालवून दाखव. मशीन थांबली नाही, तर राहा गावीच. थांबली, तर मंगळवारी ऑफिसात ये." आणि निकिताला पुणं नको होतं. चार वर्षं एका खोलीत एकटीनं काढली होती तिनं, पुरे झालं होतं.

पहिला डाव पार फसला. आत चार प्रोसेसर, म्हणजे चार कामकरी. चौघांनी नोंदी टाकायला तिनं एकच टोपली ठेवली. एकानं हात घातला की बाकीचे तिघं ताटकळत. मशीन होती त्याहून मंद! वैतागून ती आईसोबत, विमलताईंसोबत, शेजारच्या इंदूबाईच्या वावरात कापूस वेचायला गेली.

तिथं दहा बाया, दहा ओट्या. बोंड दिसलं की वेचलं, कमरेच्या ओटीत टाकलं, पुढे. कोणी कोणासाठी थांबत नाही. ओट्या गंजीवर रिकाम्या करणारी बाई वेगळी, ती आपल्या चालीनं फिरते. निकिता वावराच्या मधोमध उभी राहून ओरडली, "अरे देवा, मी येडी हाय का?"

"आता कळलं व तुले?" इंदूबाई म्हणाली.

"माय, ओटी भरली अन् न्याले कोनी आलंच नाही तं?"

"मंग कवडी, किडका कापूस, फेकतो, चांगला ठेवतो," विमलताई म्हणाल्या.

"अन् पानी आलं तं?"

"पानी आल्यावर कोन कोनाची वाट पाह्यते? आपआपली ओटी घेऊन गंजीकडे पळतो सारे."

झालं! पुढचे चार दिवस निकिताला जेवणाची शुद्ध नाही. प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वतःची ओटी. नोंद टाकायची, तिला वेळ चिकटवायची, चालू पडायचं. डिस्कवर नेणारा गडी वेगळा. ओटी भरली तर किरकोळ नोंदी फेकायच्या, पण किती फेकल्या ते लिहायचं. आणि मशीन कोसळायला लागली, तर गड्याची वाट न पाहता चारही ओट्या जागच्या जागी रिकाम्या. पुस्तकात याला असिंक्रोनस लॉगिंग म्हणतात. निकितानं वडलांचा, भगवानरावांचा, हात धरून त्यांना अंगणात गिरकी घ्यायला लावली. ते बिचारे लाजून गोठ्यात गेले.

"माय, सोमवारी माही पहिली वेचणी हाय!" तिनं घरभर डांगोरा पिटला. इथंच घोटाळा झाला.

सोमवारी अकराला टेबलावर मशीन, झाकण उघडं, समोर व्हिडिओवर पुण्याची आठ माणसं. लाखभर नोंदी पडल्या, काम एकदाही थबकलं नाही. इंद्रजीत सर म्हणाले, "छान. पण मधेच कोसळली, तर शेवटच्या नोंदी जाणार ना?"

निकिता तोंड उघडणार, तेवढ्यात विमलताई आल्या. डोक्यावर पदर, हातात दहीभाताचा गंज. कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात, वावरात दहीभात शिंपडतात, पीक भरभरून यावं म्हणून. मग लेकीचीच पहिली वेचणी कोरडी कशी जाऊ द्यायची? त्यांनी हात जोडले आणि थंडगार दहीभात ओंजळीनं त्या उघड्या डब्यात घातला. फस्स! डब्यावरचे दिवे गेले.

"माय!"

"काहून? कमी पडलं का व?"

पुण्यातली आठही डोकी पडद्याजवळ सरकली. निकितानं डब्यातलं डिस्कचं कार्ड उपसलं, ओढणीला पुसलं, लॅपटॉपमध्ये घातलं. नोंदी पाहता पाहता तिला हसू फुटलं. एकही गहाळ नव्हती. शेवटच्या तीन तिनं मोठ्यानं वाचल्या. "तापमान एकतीसवरून एकोणीस. बोर्डावर ओल. चारही ओट्या रिकाम्या."

पुण्यात एकच हशा पिकला. इंद्रजीत सर डोळे पुसत म्हणाले, "ही चाचणी घ्यायची आमच्यात कोणाची छाती झाली नसती. राहा बाई तिथंच!"

निकितानं आईला दह्याच्या हातांसकट मिठी मारली. "पन माय, जरासं शिंपडलं असतं. एवढं कायले वो?"

विमलताईंनी पदरानं डोळे टिपले. "हे नाही जमलं तं तू मंगळवारी जातेस, असं तुह्या बापानं सांगतलं मले. म्हनून घरात होतं तेवढं सारं दही टाकलं."