ळ म्हणून दाखव

"ळ म्हणून दाखव," सर म्हणाले.

"र," मी म्हणाले.

वर्ग हसला. आठवीचा वर्ग, तलावाच्या बांधावर रांगेत उभा. सरांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर मालगुजाराचा, गावच्या जुन्या जमीनदाराचा, नातू. तोही हसला. मोठ्यानं नाही, मान खाली घालून. तसं हसणं जास्त लागतं.

"जीभ टाळूला लाव. म्हण, पाळणा."

"पारना."

"बाळ."

"बार."

"डोळा."

"डोरा." आणि त्याच डोऱ्यातून पाणी आलं. हसणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या घरी डोराच म्हणतात. तरी हसले. आज हसणं फुकट होतं आणि माझ्यावर होतं.

आमचं गाव केशोरीच्या पलीकडे. सर आम्हाला बांधावर घेऊन आले होते ते इतिहास कसा तयार होतो हे दाखवायला. सर चांगलं शिकवायचे. हे मी आजही म्हणते. "इतिहास आभाळातून पडत नाही," ते म्हणाले होते. "कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, कशासाठी सांगितलं, हे विचारा. मगच विश्वास ठेवा." तोवर मला कोणी विचार म्हणून सांगितलं नव्हतं. गप राहा, एवढंच सांगितलं होतं.

मोहाच्या झाडांपाशी नवा बोर्ड लागला होता. 'पारणा घाट'. सरांनी विचारलं, "या नावावरून काय कळतं?" वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या मुलीनं पाठ केल्यासारखं सांगितलं. तलावाला पाणी लागेपर्यंत मालगुजारीणबाईंनी उपास धरला आणि इथं पारणं फेडलं. सर म्हणाले, शाब्बास. नातवानं मान हलवली. बोर्ड त्यानंच लावला होता. शाळेची नवी खोलीही तोच बांधून देणार होता.

मी हात वर केला. सरांनीच विचारायला सांगितलं होतं ना.

"सर, ते उपासाचं नाही. पारना हाये. लेकरायचा."

माझी माय भाताच्या रोवण्याला जाताना याच बांधावरून जायची. लहानपणी मी तिच्या मागं. बाया गात, भांडत, एकमेकींची खोडी काढत चालायच्या. मोहांपाशी आल्या की गप. "हरू बोला वं, लेकरं निजून आहेत," एखादी म्हणायची. लेकरं कुठंच दिसायची नाहीत. मी विचारलं तेव्हा मायनं सांगितलं. तलाव खणला तो आमच्या मोहल्ल्यानं. बायांनी टोपल्यांनी माती वाहिली आणि लुगड्याचे पाळणे या मोहांना बांधले. एक दिवस ओला बांध खचला. एक झाड पाळण्यांसकट खाली गेलं. मालगुजारानं काम थांबू दिलं नाही. त्या पाळण्यांवरच पुढची माती पडली.

लेकरं बांधातच आहेत. म्हणून बाया हळू बोलतात.

हे सगळं मी बांधावर उभी राहून सांगितलं. सरांनी नातवाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पुरावा काय?"

"बाया गप होतात, सर."

"गप बसणं हा पुरावा असतो का?"

नातू खुर्चीतून म्हणाला, "ज्यांच्या तोंडात ळ नाही, ते इतिहास सांगून राहिले!"

मग सर म्हणाले, ळ म्हणून दाखव.

शेवटी म्हणाले, "आता नीट म्हण, पारणा. आणि साहेबांची माफी माग." मी म्हणाले, पारना. माझ्या तोंडात दोन्ही शब्द एकच. सरांना वाटलं, ऐकलं पोरीनं. माफी मी मागितली नाही. दप्तर तिथंच टाकलं आणि घरचा रस्ता धरला. मोहांपाशी पाय हळू टाकले.

त्या हंगामात मालगुजाराच्या शेतात मायला रोवण्याला बोलावणं आलं नाही. "कायले तोंड उघडलं व तू?" एवढंच ती म्हणाली. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. शाळेत मी पुन्हा गेले नाही.

आता मी पुण्यात आहे. एका पाळणाघरात काम करते. हो, पाळणाघरात. मालकीणबाई चांगल्या आहेत. राहायला जागा दिली. आजारी पडले तर डॉक्टरकडे नेतात. ळ त्यांनीच शिकवला. फोनवर र ऐकलेला लेकरांच्या आईबापांना आवडत नाही म्हणून. त्यांचे उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण फोन वाजला की अजून आधी मनात म्हणून पाहते, र निघून गेला तर? "नमस्कार, पाळणाघर," म्हणते. जीभ टाळूला लागते आणि मला बांध दिसतो.

परवा शाळेच्या ग्रुपवर, वर्गातल्या एकीनं मलाही त्यात घेतलं आहे, सरांचा मेसेज आला. आता ते मुख्याध्यापक आहेत. मुलांनी गावाच्या इतिहासाचं पुस्तक केलं आहे. बोर्ड काढून तिथं कार्यक्रम करून काळा दगड बसवणार, त्यावर मालगुजारीणबाईंचा उपास कोरलेला. दगडाचा फोटोही होता. खाली लिहिलं होतं, 'आधार: विद्यार्थ्यांचे संशोधन'. नातवानं बोर्डावर लिहिलं. मुलांनी बोर्ड पाहून पुस्तकात लिहिलं. पुस्तक पाहून दगड कोरला. उद्या कोणी विचारलं तर दगड दाखवतील.

मी मायला फोन केला, दगडाचं सांगितलं. "बोलू का व? तुले त्रास झाला तं?"

"रोवना मशीननं होते आता त्याचा. मले कोन बोलावते? बोल." मग म्हणाली, "मी बायाईले घेऊन येतो."

दुपारी लेकरं झोपली होती. मी कोपऱ्यात बसून हळू आवाजात रेकॉर्ड केलं. "सर, ऐका. पाळणा. बाळ. डोळा. ओळखलं का?" सरांना पाठवलं.

सरांचं उत्तर लगेच आलं. हात जोडलेले, फुलं. 'अरे वा! उच्चार किती शुद्ध झाले. प्रगती पाहून आनंद वाटला. कार्यक्रमाला नक्की ये. आभारप्रदर्शन तूच कर.'

त्यांना आठवतच नव्हतं.

करते सर. सुट्टी मागितली आहे, रेल्वेचं तिकीट काढलं आहे. आभार मानीन, आणि खरे मानीन. कोणी सांगितलं, केव्हा, कशासाठी, हे विचारायला मला तुम्हीच शिकवलं. तेच तीन प्रश्न मी त्या दगडाला विचारीन. नातू खुर्चीत बसलेला असेल, तेव्हाच. तुमची सगळी शाळा समोर असेल, तेव्हाच. माझी माय बायांना घेऊन मोहांपाशी उभी असेल आणि त्या दिवशी एकही बाई हळू बोलणार नाही.

मग माईक तुमच्या तोंडापुढे धरीन. म्हणीन, सर, पारना म्हणून दाखवा.

ण नाही. न. पुन्हा म्हणा.

जमेपर्यंत.